चाकात काय दळत होते?

आमच्या तालमीत मारुतीच्या तसबिरीपासून हातभर अंतरावर एका गोऱ्या माणसाचं पोस्टर चिकटवलेलं होतं. अंगात फक्त चड्डी, दंड मांडीएवढे, हसणं बिनधास्त. ते कुणी लावलं कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि वस्तादांनी ते काढलंही नाही. ते त्याला ‘फुगवलेला’ म्हणायचे. "ते अंग दाखवायचं. आपलं अंग कामाचं," असं म्हणून मुद्गलांची जोडी फिरवायला लावायचे. तो फुगवलेला शरीरसौष्ठवातला ‘मिस्टर ऑलिंपिया’ किताब सात वेळा जिंकलाय, हे सांगायची आमची छाती नव्हती.

त्याच अर्नॉल्ड श्वार्झनेगरचा ‘कॉनन द बार्बेरियन’ बेळगावच्या कॅम्पातल्या एका थिएटरात मॉर्निंग शोला लागला, तेव्हा मी दहावीत होतो. अमेरिकेत सिनेमा १९८२ सालचा. आमच्याकडं यायला त्याला तीन-चार वर्षं सहज लागली असतील, आणि प्रिंट तर आणखी दहा गावं हिंडून आल्यासारखी झिजलेली होती. रविवारी मेहनतीला सुट्टी. आम्ही तिघं निघालो. मी मराठी शाळेतला. माझा जोडीदार, म्हणजे तालमीत ज्याच्याशी रोज लढायचो तो, कन्नड शाळेतला. तिसरा कॅम्पातला, घरी दखनी बोलणारा. तिघांचं इंग्रजी मिळूनसुद्धा एक वाक्य पुरं झालं नसतं. पुढच्या दोन रांगांत मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान सुट्टीच्या मूडमध्ये बसले होते. त्यांचीही परिस्थिती फार वेगळी नसावी.

खरं कुणाचंच काही अडलं नाही. (आमच्याकडं ‘पण’ म्हणायच्या जागी ‘खरं’ म्हणतात. पुण्यात हे बोललो की लोक पुढचं वाक्य ऐकायचं सोडून ‘खरं’वर हसतात, म्हणून इथंच सांगून ठेवलं.) पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत त्या सिनेमात बोलणं जवळजवळ नाहीच. तलवार घडवली जाते. लोखंड वितळतं, ओतलं जातं, ठोकलं जातं, बर्फात विझवलं जातं, आणि वर बासिल पोलेडोरिसचं संगीत, नगारे आणि शिंगं. मग डोंगरावर बाप लेकाला काहीतरी सांगतो, आणि लगेच घोडेस्वार येऊन गाव जाळतात.

आईचा प्रसंग मी त्यानंतर किती वेळा बघितला असेन, मोजलेलं नाही. आईच्या एका हातात तलवार, दुसऱ्या हातात पोराचा हात. समोर लांब केसांचा सरदार शिरस्त्राण काढतो आणि तिच्याकडं नुसता बघतो. बघतच राहतो. तिची तलवार हळूहळू खाली येते. तो पाठ फिरवतो, आपल्याला वाटतं गेला, आणि वळता वळता वार. पोराच्या मुठीतनं आईचा हात सुटतो आणि पोरगं आपल्या रिकाम्या हाताकडं बघतं. एक शब्द नाही. थिएटरात शेंगांची टरफलं फोडण्याचा आवाज चालू होता, तो थांबला. तलवार आणि जादूचे पुष्कळ सिनेमे मी नंतर बघितले. राक्षस मोठे झाले, किल्ले उंच झाले. जादूगाराची ताकद नुसत्या नजरेतून, काहीही न चमकवता इतकी खरी वाटायला लावणारा प्रसंग मला दुसरीकडं सापडला नाही.

मग ते चाक येतं. गुलाम केलेल्या पोरांना माळावरच्या एका अवाढव्य लाकडी चाकाला जुंपतात. पोरं ढकलतायत. ऊन, बर्फ, पुन्हा ऊन. पोरं कमी होत जातात. शेवटी एकच उरतो, तो मान वर करतो, आणि तो आमच्या पोस्टरवरचा माणूस असतो. जवानांनी शिट्ट्या घातल्या.

संध्याकाळी वस्तादांनी विचारलं, "काय बघून आलासा? सांगा की."

आम्ही सांगायला लागलो आणि पंचाईत झाली. तिघांनी तीन सिनेमे बघितले होते. माझ्या मते डोंगरावरचा बाप पोराला घराण्याचं जुनं वैर सांगत होता. जोडीदाराच्या मते तो देवाला नवस बोलत होता. कॅम्पातला म्हणाला, कुछ नहीं रे, तलवार बेचने की बात थी. वस्तादांनी तिघांना गप्प केलं आणि फक्त चाकाचं पुन्हा विचारलं. मी नीट सांगितलं. ते बराच वेळ विचार करून म्हणाले, "ढकलून मांड्या येतील एकवेळ. पाठही येईल. छाती कुठनं आली? जोर मारलेत काय त्यानं? आणि खायला काय घालत होते?" थोड्या वेळानं, दिवा विझवता विझवता, "आणि चाकात दळत काय होते रे?"

याचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडंच नव्हतं.

आजोबांचं गाव संकेश्वरच्या बाजूला, उसाचं. इंजिन यायच्या आधीचा बैलांचा चरक आजोबांनी चालवलेला होता. गुऱ्हाळात बैल गोल फिरतो तेव्हा मधे रस गळतो, काहिलीखाली जाळ असतो, मळी काढणारा असतो, लहान पोरं काकवीसाठी वाटी घेऊन उभी असतात. फिरण्याला काहीतरी कारण असतं. कॉननच्या चाकातून मला तरी कधी पीठ पडताना दिसलं नाही. पोत्यातलं धान्य आणून ओतणारा माणूस नाही, पीठ न्यायला आलेली गाडी नाही. पंधराव्या वर्षी हे खटकलं नाही. आता दर वेळी खटकतं, आणि त्या सिनेमाचं बळ आणि दुबळेपणा दोन्ही मला त्या चाकातच दिसतं. तो चित्र असं काढतो की पुन्हा विसरता येत नाही. त्या चित्रामागचा व्यवहार मात्र तो विचारात घेत नाही. ही माणसं खातात काय, राज्य चालतं कशावर, त्या सरदाराच्या सापाच्या पंथाच्या देवळात हजारो भक्त बसलेत त्यांचं जेवण रांधतं कोण? भक्तांच्या मुदपाकखान्यात तो एकदा नेतो, तेव्हा तिथं माणसाचं मांस शिजत असतं. म्हणजे स्वयंपाकघर दाखवलं ते भीती घालायला, भूक भागवायला नव्हे.

दिग्दर्शक जॉन मिलियस. पटकथा त्याची आणि ऑलिव्हर स्टोनची. चित्रीकरण स्पेनमधलं. मिलियसनं माणसं जमवली ती अशी: नायक शरीरसौष्ठवपटू, त्याचा मित्र जेरी लोपेझ हा समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन स्वार होणारा, नायिका सँडल बर्गमन नर्तकी. अभिनयाची शाळा बाजूला ठेवून त्यानं अंग कसं हलतं ते बघितलं. वस्तादांना हा माणूस आवडला असता. फुगवलेल्याला कियोशी यामाझाकी या जपानी उस्तादाच्या हाताखाली कित्येक महिने तलवार शिकावी लागली, हे कळलं असतं तर पोस्टरवरचा रागही थोडा कमी झाला असता. त्याचं फळ पडद्यावर दिसतं. कॉनन एका जागी उभा राहून नुसती तलवार फिरवतो तेव्हा तिचं वजन आपल्या मनगटाला कळतं. आजच्या सिनेमांत तलवारी छडीसारख्या फिरतात.

आणि या हलत्या अंगांच्या मधोमध एक आवाज, जेम्स अर्ल जोन्सचा. खलनायक थुल्सा डूम तोच. हा माणूस लहानपणी इतका तोतरा बोलायचा की कित्येक वर्षं त्यानं घराबाहेर बोलणंच टाकून दिलं होतं. पुढं जगातल्या सर्वांत ओळखीच्या आवाजांपैकी एक त्याचा झाला. २०२४ साली तो गेला तेव्हा मला आधी त्याचा तो मुका प्रसंग आठवला, आईसमोर शिरस्त्राण काढून उभा राहिलेला. ज्यानं बोलण्याची किंमत मोजलीय त्यालाच गप्प राहणं इतकं जमत असेल.

नायकाची गोष्ट वेगळी. श्वार्झनेगर ऑस्ट्रियाचा, इंग्रजी त्याला नंतर आलेली, उच्चार जड. म्हणून त्याला वाक्यं कमी दिलीत असं लोक चेष्टेनं म्हणतात. लोपेझचा तर आवाजच त्याचा नाही, सगळे संवाद दुसऱ्या नटाकडून म्हणवून घेतलेत. हे मी फार उशिरा वाचलं, आणि पंचेचाळीशीतल्या माणसानं खुर्चीवर बसून हसावं तसा हसलो. बेळगावचा माणूस दुसरं काय करतो आयुष्यभर? दुकानात एक भाषा, कचेरीतल्या अर्जात दुसरी, घरी तिसरी, आणि तिन्हींत उच्चार थोडा जड. अर्ज दुसऱ्याकडून लिहून घ्यायचा आणि खाली सही आपली करायची. आमच्या लहानपणी १ नोव्हेंबरला एका गल्लीत राज्योत्सवाचा लाल-पिवळा झेंडा आणि पुढच्या गल्लीत काळा दिन, दंडाला काळी फीत. १९५६ पासूनचं हे. माझ्या वडिलांनी फीत बांधलेली असायची आणि जोडीदाराच्या वडिलांनी झेंडा लावलेला असायचा. आम्ही दोघं त्या दिवशीही पहाटे तालमीतल्या मातीच्या हौद्यात उतरायचो. हौद्यात बोलायचं नाही हा वस्तादांचा नियम होता. त्यात मोठा विचार वगैरे नव्हता. बोललं की दम जातो, एवढंच.

कॉनन बघून येताना गणपत गल्लीच्या तोंडाशी जोडीदार म्हणाला होता, "मातु कडिमे, हेच्चु दुडिमे." बोलणं कमी, काम जास्त. सरकारी भिंतींवर रंगवलेली घोषणा. "आमच्या सरकारचा हिरो हाय हा." मी म्हटलं, तुमच्या सरकारचा कसा, तालीम दोघांची आहे. भांडण तेवढ्यावरच मिटलं, कारण समोर मिरचीभजी तळत होती.

सिनेमा जिथं बोलायला लागतो तिथं तो घसरतो. हे मला सबटायटलं आल्यावर कळलं, आणि वाईट वाटलं. डोंगरावरचा बाप ना वैर सांगत होता ना नवस बोलत होता. तो सांगतो की माणूस, बाई, जनावर, कशाचाच भरवसा धरू नकोस, पोलादाचा धर. यालाच पोलादाचं कोडं म्हणून सिनेमाभर मिरवलंय. पुढं डूम त्याला उत्तर देतो: पोलादापेक्षा मांस बळकट, आणि ते पटवायला एका भक्तिणीला नुसतं ‘ये’ म्हणून कड्यावरून उडी मारायला लावतो. तो क्षण अंगावर येतो. त्याच्या आधीची नि नंतरची बडबड मात्र अशी वाटते की कॉलेजात पहिल्यांदा तत्त्वज्ञानाचं पुस्तक हाती लागलेल्या पोरानं लिहिलीय. सिनेमा सुरूच जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेच्या वाक्यानं होतो. मोठा झालेला कॉनन तोंड उघडतो तेही आयुष्यातलं सर्वांत चांगलं काय, या प्रश्नाचं उत्तर द्यायला, आणि ते उत्तर चंगीजखानाच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या वचनावरून उचललेलं. शत्रूला चिरडा, त्यांच्या बायकांचा आक्रोश ऐका. थिएटरात टाळ्या पडल्या होत्या. माझ्याही. अर्थ कळला नव्हता ही सबब आज पुरत नाही, कारण सूर तर कळला होता.

मधला तासभर गोष्ट भरकटते. झोपडीतली चेटकीण येते, आगीचा गोळा होऊन जाते, कशासाठी कोण जाणे. मनोऱ्यातला अजगर यंत्राचा आहे हे त्याच्या मानेकडं बघून कळतं. नशेत उंटाला ठोसा मारण्यावर आम्ही आठवडाभर हसलो; आता हसू येत नाही.

मूळ कॉनन असा नव्हता. टेक्सासच्या रॉबर्ट ई. हॉवर्डनं तो लिहिला, पहिली गोष्ट डिसेंबर १९३२ च्या ‘वीअर्ड टेल्स’ मासिकात आली, आणि १९३६ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, हॉवर्डनं स्वतःच जीव दिला. त्याचा कॉनन बोलका आहे, धूर्त आहे, चार भाषा तोडक्यामोडक्या का होईना बोलून सरहद्दी ओलांडणारा आहे, आणि चाकाबिकाला जुंपला जाऊन कुणी त्याला घडवलेला नाही. थुल्सा डूम तर कॉननचा वैरीच नव्हे, हॉवर्डच्या दुसऱ्याच नायकाच्या गोष्टीतला आहे. मूळ वाचलेल्यांना सिनेमा अपुरा वाटतो तो यामुळं. मी उलट्या रस्त्यानं आलो, आधी मुका भेटला, मग बोलका. सरहद्दीवरच्या माणसाला बोलका जवळचा वाटायला हवा होता. मला अजून मुकाच जवळचा वाटतो, त्याचं कारण कदाचित तालीम असेल.

दोन वर्षांपूर्वी लेकीबरोबर पुन्हा बघितला. ती बेंगळुरूला असते, माझ्यापेक्षा चांगलं कन्नड बोलते. अर्ध्यावर तिनं थांबवलं. "पप्पा, हिचं नाव काय?" कॉननची जोडीदारीण, चोर, लढवय्यी, त्याच्याइतकीच निडर. मी सांगितलं, व्हॅलेरिया. "कुणी हाक मारली का तिला अजून?" आम्ही पुढं बघत गेलो. ती त्याला मृत्यूच्या दारातून ओढून आणते, भुतांशी झटापट करते, सापाचा बाण लागून मरते, चितेवर जळते. शेवटपर्यंत तिचं नाव कुणी घेत नाही. ते आहे फक्त शेवटी वर सरकणाऱ्या नावांच्या यादीत. चाळीस वर्षांत मला हे दिसलं नव्हतं. नायक कमी बोलतो म्हणून मी ज्याचं कौतुक करत आलो, त्याच कमी बोलण्यात एक बाई बिननावाची राहून गेली. लेक म्हणाली, "काम सगळं तिनंच केलंय की." मग चहा करायला उठली, मलाच म्हणाली, आलं किसा.

आणखी एक गोष्ट सलते. सापाच्या पंथाचे भक्त पांढरे कपडे घालून, फुलं घेऊन डोंगर चढतात. मिलियसनं त्यात अमेरिकेतल्या हिप्पी पोरांची टर उडवलीय हे उघड आहे. डोंगर चढणारी गर्दी म्हणजे मूर्खांची गर्दी, तिला आपली अक्कल नाही, असं सिनेमा गृहीत धरतो. मी आईबरोबर सौंदत्तीच्या यल्लम्माचा डोंगर चढलोय. माघी पौर्णिमेची जत्रा, बैलगाड्या, भंडाऱ्यानं पिवळी झालेली माणसं, चौंडकं, उदं गं आई उदं. निपाणीकडचे मराठी आणि धारवाडकडचे कन्नड एकाच चुलाण्यावर भाकरी भाजतात. त्या डोंगरावर पोरीबाळींचं वाईटही झालंय, देवाच्या नावानं त्यांना सोडलंय, ते झाकायचं काही कारण नाही. पण त्या गर्दीतल्या प्रत्येकाकडं आपापलं दुखणं होतं, आईकडंही होतं, आणि ती ते घेऊन चढत होती. सिनेमातल्या गर्दीला एकही दुखणं नाही. शेवटी डूमचं मुंडकं पायऱ्यांवरून गडगडत येतं आणि सगळे मशाली पाण्यात विझवून निघून जातात. इतकं सोपं? आमच्या डोंगरावरून माणसं इतक्या सहज परतत नाहीत.

फक्त एक म्हातारा राजा आपलं दुखणं बोलतो. मॅक्स फॉन सिडोनं एकाच प्रसंगात केलेला ऑस्रिक. त्याची लेक पंथात गेलीय. हिरे-माणकं फेकून तो या चोरांना सांगतो की एक वेळ अशी येते की जवाहिरांचं तेज जातं, सिंहासनाची खोली तुरुंग वाटते, आणि बापाला लेकराची माया तेवढी उरते. पंधराव्या वर्षी हा प्रसंग म्हणजे आमच्यासाठी लघवीला जाऊन यायची वेळ होती. यंदा लेकीला धारवाड रोडवरून बसमध्ये बसवून परत येताना तोच आठवत होता.

शेवटची लढाई थडग्यांच्या टेकाडांत होते. दोघं तलवारवाले आणि एक जादूगार म्हातारा, समोर फौज. त्याआधी कॉनन गुडघ्यावर बसून क्रोम या आपल्या देवाशी बोलतो. म्हणतो, तुझी प्रार्थना मी कधी केली नाही, त्यासाठी माझ्याकडं जीभ नाही. दोघं अनेकांसमोर उभे राहिले एवढं ध्यानात ठेव, सूड दे, आणि ऐकणार नसशील तर जा खड्ड्यात. सबटायटलं वाचून खाली उतरलेला सिनेमा याच ठिकाणी माझ्या मनात पुन्हा वर चढला. त्याच्या थोडं आधी, व्हॅलेरियाच्या चितेपाशी, मित्राच्या डोळ्यांत पाणी असतं. म्हातारा विचारतो, का रडतोस? तो म्हणतो, हा सिमेरियाचा आहे, हा रडणार नाही, म्हणून मी याच्यासाठी रडतोय. म्हणणारा लोपेझ, आवाज दुसऱ्याचा, रडणं तिसऱ्याचं.

वस्ताद गेले तेव्हा मी पुण्याला होतो, वेळेवर पोचलो नाही. जोडीदार होता. त्यानं हौद्यातली मूठभर लाल माती त्यांच्या उशाशी ठेवली, आणि नंतर मला फोनवर एवढंच सांगितलं की तुझ्याकडनंपण ठेवली.

परवा सिनेमा परत बघून झाल्यावर त्याला फोन लावला. तो आता हुक्केरीला शेती बघतो, गुडघे गेलेत. इकडचं तिकडचं झालं, नातवंडांचं झालं. मग विचारलं, "अरे, त्या कॉननच्या चाकात दळत काय होते रे?"

पलीकडं थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मागं कुठं तरी मोटर चालू होती.

"अजून तिथंच हाईस होय तू?" तो म्हणाला. "थांब, पाणी बदलून येतो."